डाव्या हाताची गाठ

आमच्या भागात होडी म्हणजे मासे धरणाऱ्यांची, वल्ह्याची. शिडाची, आत दोन माणसं आडवी होतील एवढी खोली असलेली, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन बाळगणारी होडी माजलगावच्या धरणात दिसली की लोक मोटारसायकली कडेला लावून बघत बसतात. ही होडी आमच्या ह्यांची. हे वीस वर्षं नौदलात होते, मग मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणाऱ्या टगबोटीवर होते, आणि सगळं आटोपून घरी आले ते होडीचा नकाशा घेऊनच. अडीच वर्षं आमच्या अंगणात प्लायवूड, फायबर आणि उग्र वासाचे डबे यांचा पसारा होता. शेजारीण विचारायची, "बाई, कप्तान काय करायलेत ओ?" मी सांगायचे, "पाळणा करायलेत." साठीला टेकलेल्या माणसाच्या बायकोनं असं बोलू नये, पण तोंडाला कुलूप लावायची मला सवय नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवलं, ते काय स्वतः गप्प बसून?

माझं माहेर मेंढपाळांचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चार एकर काळी जमीन आणि दीडशे मेंढरं, एवढा आमचा संसार. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी नववीत होते. त्याचं रडगाणं मी गात नाही. पाण्यामुळे ऊस आला, माझ्या भावांनी वरच्या अंगाला पक्की घरं बांधली, पोरं शिकली. सांगायचं एवढंच की त्या पाण्याखाली काय आहे ते मला पाठ आहे. माळ कुठे, ओढा कुठे, काळी कुठे आणि नुसता खडक कुठे. ह्यांना होडीत बसून वारा दिसतो, मला जमीन दिसते.

होडी पाण्यात उतरली आणि पुढच्याच उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला. बीडला दवाखान्यात अठरा दिवस काढले. वाचा परत आली, पाय जरा ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात आला नाही. तो खांद्यापासून नुसता लटकतो. घरात तेव्हापासून माझंच राज्य आहे. गोळ्या मी देणार, भाजी अळणी मी करणार, शर्टाची बटणं मी लावणार. हे मुकाट सहन करतात, आणि त्यांचं ते मुकाट सहन करणं मला भांडणापेक्षा जास्त झोंबतं. आधी हा माणूस एका हाकेत अर्धी गल्ली गोळा करायचा.

होडीत मात्र ह्यांचा आवाज परत येतो. "शीड ओढ", "सुकाणू धर", "वाकून बस", असे हुकूम सुटतात आणि मी ऐकते. म्हणून तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला तरी मी होडी बंद केली नाही. अट एकच घातली, की मी बरोबर असेन आणि दोघांच्याही अंगात ते नारंगी जाकीट असेल. एका हातानं पोहता येत नाही, हे सांगायला नौदलात जावं लागत नाही.

परवाच्या हस्त नक्षत्रातली गोष्ट आहे. धरण काठोकाठ भरलं होतं. आम्ही दोन दिवसांसाठी फुगवट्यात, म्हणजे धरणाचं पाणी जिथपर्यंत मागे पसरतं त्या बाजूला गेलो होतो. एक मुक्काम होडीतच केला. भाकरी आणि ठेचा माझ्यासाठी, बिनमिठाचं पिठलं ह्यांच्यासाठी. ह्यांनी माझ्या ठेच्याकडे असं बघितलं की शेवटी बोटाच्या टोकाएवढा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. वारा मागून होता, होडी छान चालली होती, आणि मी माझ्या मोबाइलवर पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो बघत होते.

ह्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "शीड उतरव."

पश्चिमेला ढग होता. हस्तात ढग असतोच, पण ह्याची खालची कड सरळ होती, आणि त्या कडेखाली पाणी पांढरं झालं होतं. मी म्हणाले, "काठ एवढा जवळ दिसायलाय. इंजिन लावून जाऊ की पटकन."

"वादळात काठाकडं पळायचं नसतंय. पाणी होडी फोडत न्हाई, काठ फोडतो."

आमच्या पुढे, पूर्वेला, धरणाची भिंत होती. मातीची भिंत, पण पाण्याच्या अंगाला सगळे दगड रचलेले, एकेक दगड पोत्याएवढा. वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. ह्यांनी ते एका वाक्यात सांगून टाकलं. त्या दगडांवर गेलो तर होडीचे तुकडे होतील, आणि जाकीट माणसाला बुडू देत नाही पण आपटण्यापासून वाचवत नाही. तेव्हा वादळ जाईपर्यंत नांगर टाकून एका जागी उभं राहायचं आणि भिंत दूर ठेवायची. पुढचे दोन तास आम्हाला दुसरं काहीच काम नव्हतं.

मी शीड उतरवून बांधलं. ह्यांनी जागा निवडली ती टेकडीच्या आडोशाची. पूर्ण बुडालेली नाही अशी एक टेकडी तिथे बेटासारखी उभी आहे, तिच्या मागे वारा कमी लागतो. ह्यांचं गणित बरोबरच होतं. पण मी म्हणाले, "आवं, इथं खाली खडक हाय. आमच्या आबांनी इथं मेंढरं बसवायला कधी खुंटी ठोकली न्हाई, ठोकलीच तर वाकडी व्हायची."

"आडोसा बघायचा आसतो आधी."

"आन् धरायला काय, आडोशाला धरायचं का?"

होडीत हुकूम त्यांचा चालतो, म्हणून मी नांगर सोडला. नांगराला आधी दोन-तीन हात लोखंडी साखळी आहे आणि मग जाड नायलॉनचा दोर. दोरावर ह्यांनी वीस-वीस फुटांवर लाल दोरा गुंडाळलेला आहे, किती गेला ते कळावं म्हणून. वाऱ्याचा पहिला झोत आला तसा दोरातून माझ्या हाताला खरखर लागली. पत्र्यावरून खुर्ची ओढावी तशी. नांगर खडकावरून घासत चालला होता आणि टेकडी हळूहळू मागे सरकत होती.

ह्यांनी इंजिनाकडे बोट केलं. मी दोरी ओढून इंजिन चालू केलं, नांगर वर घेतला. हे म्हणाले, "कुठं हाय तुझी काळी?"

रागाने नाही, खरंच विचारलं. मी हात करून दाखवलं. टेकडीच्या दक्षिणेला, पूर्वीच्या ओढ्याच्या काठाला आमच्या भावकीची पट्टी होती. उन्हाळ्यात भेगा पडायच्या त्यात पाय गुडघ्यापर्यंत जायचा, आणि पावसाळ्यात पाय गेला की चप्पल तिथेच ठेवून यावं लागायचं. आडोसा तिथे अजिबात नव्हता. शिवाय भिंत तिथून जवळ होती. पण हे म्हणाले, "चल," आणि डाव्या हातानं सुकाणू फिरवलं.

तिथे पोचेपर्यंत पाऊस आला. पाऊस कसला, आडवा मारच. मी पुढे टोकावर गुडघ्यांवर बसून नांगर सोडला. पाच लाल खुणा जाऊ दिल्या, म्हणजे शंभर फूट, आणि होडीच्या टोकावर जो दोन शिंगांचा लोखंडी खुंटा असतो त्याला दोर गुंडाळला. नांगर पक्का बसावा म्हणून ह्यांनी इंजिन उलटं चालवलं. होडी मागे गेली, दोर ताणला, टोक एकदम खाली झुकलं. धरलं होतं. खरखर नाही, घसरण नाही, काळीनं नांगर गिळला होता. मी मागे बघून हसले, आणि त्याच वेळी इंजिन घरघरून बंद पडलं. कुणीतरी लावलेलं माशांचं जाळं पंख्यात गुंडाळलं होतं. वाऱ्यात आणि लाटांत पाण्यात उतरून ते सोडवणं आम्हा दोघांपैकी कुणाच्याच बापाला जमलं नसतं. आता इंजिनही नाही, शीडही नाही. होता तो एक नांगर आणि एक दोर.

आणि इथे मी घोळ घातला.

माझ्या माहेरी वादळाचा एक नियम होता. वीज कडाडायला लागली की जनावर आखूड बांधायचं. लांब दाव्यावरचं जनावर घाबरून उधळतं, पळत जाऊन दाव्याला हिसका देतं, दावं तुटतं नाही तर मान मोडते. पायात अडकून पडतं ते वेगळंच. म्हणून सगळ्यांनी धावायचं आणि बैल, म्हैस, बोकड, सगळ्यांची दावी खुंटीजवळ आखडायची. लहानपणी हे मी इतक्या वेळा केलंय की त्यासाठी विचार करावा लागत नाही. होडीही तेच करत होती. लाटेवर मागे पळायची आणि दोराला हिसका द्यायची. प्रत्येक हिसक्याला माझ्या काळजात कळ यायची. दोन झोतांच्या मधे वारा जरा थांबला की दोर ढिला पडायचा, तेवढ्यात मी तो आत ओढून घ्यायची आणि खुंट्याला गुंडाळायची. असं करत करत पाच खुणांच्या दोन खुणा केल्या. हिसके कमी झाले नाहीत, उलट वाढले, तर मी आणखी ओढला. घाबरलेल्या जनावराला आवरायचं म्हणजे काय करायचं हे मला ह्यांनी शिकवायची गरज नव्हती, असं मला वाटत होतं.

हे मागे सुकाणूपाशी होते. मधे खोलीचं छप्पर, त्यांना माझे हात दिसत नव्हते. भिंत दिसत होती.

"सरकायलोत आपण!" ह्यांनी आवाज दिला. "किती सोडलाय दोर?"

"आखूड केलाय! लई हिसके बसायलेत!"

"कशापायी आखूड केलास!"

हे सुकाणू सोडून, छपराला धरून, पाय ओढत अर्ध्यापर्यंत आले. मी ओरडले की तुम्ही बसा, पडाल. ते बसले नाहीत. शाळेतल्यासारखं समजावून सांगायला वेळ नव्हता. पाण्याच्या खोलीच्या कितीपट दोर सोडायचा ते आकडे त्यांनी मला दोन वर्षांत शंभरदा सांगितले होते आणि शंभरदा माझ्या डोक्यावरून गेले होते. ह्या वेळी ते पस्तीस वर्षं मेंढपाळांचे जावई असल्यासारखे बोलले.

"खुंटी उपटायची आसली तर कशी वढतेस?"

"वर."

"आन् आडवी वढली तर?"

"न्हाई निघत."

"मग तू आखूड दोरानं वर वढायलीस ती. लांब सोड, म्हंजी वढ आडवी पडंल. सगळा सोड."

मला एका क्षणात कळलं. कळलं आणि तोंडचं पाणी पळालं. कारण दोर सोडायचा म्हणजे होडी मागे जाणार, आणि मागे दगड होते. जितका सोडीन तितकं मी माझ्या हातानं ह्यांना भिंतीकडे ढकलणार. हे छपराला एका हातानं धरून उभे, पावसानं डोळे मिटलेले, नारंगी जाकीट वर सरकून हनुवटीला लागलेलं. मला त्यांचा भयंकर राग आला. ह्या माणसाला घरी टीव्हीसमोर बसता येत नव्हतं का? मग माझाच राग आला, कारण येऊ मीच दिलं होतं.

खुंट्यावरचे वेढे मी एकेक करून काढले. शेवटचा वेढा ठेवून हळूहळू सोडायचा, असं शिकवलेलं होतं. तिसरी खूण गेली, चौथी गेली. पाचवी जाताना असा झोत आला की तो वेढाही उडाला आणि दोर माझ्या तळव्यातून सुटला. आगीचा चटका बसावा तसे दोन्ही हात उघडले. दोर खुंट्याजवळून सुसाट निघाला. सहावी खूण, सातवी, आठवी. मी नुसती बघत होते. त्याचं दुसरं टोक कुठे आहे, कशाला बांधलंय, बांधलंय की नाहीच, मला काहीच माहीत नव्हतं. नांगराच्या खणातला, म्हणजे टोकाखालच्या कप्प्यातला, सगळा दोर वेटोळं सोडत संपत आला.

आणि मग एक धक्का बसला. मी पुढे तोंडावर आपटले. होडीचं टोक वाऱ्याकडे वळलं, खाली झुकलं, वर आलं, आणि ती उभी राहिली.

मागे बघितलं. दगड दोन एसटी गाड्या उभ्या राहतील एवढ्या अंतरावर होते. लाट फुटून त्यांच्यावर चढत होती, तिचा आवाज पावसातूनही येत होता. पण दगड जवळ येत नव्हते. मी एक ते पन्नास मोजले, परत मोजले. नांगर रुतून बसला होता. मीच उचलत होते त्याला, हे आता पटलं.

"पुरं आता," हे म्हणाले, आणि घसरत माझ्याजवळ येऊन बसले.

मी खणात वाकून बघितलं. तळाशी, फळीच्या खाली, एक लोखंडी कडी आहे आणि दोराचं शेवटचं टोक तिला बांधलेलं होतं. ही कडी आहे हेच मला माहीत नव्हतं. दोर त्या गाठीपासून निघून थरथरत बाहेर जात होता. आमचं दोघांचं वजन, होडीचं वजन, वाऱ्याची सगळी ओढ त्या मुठीएवढ्या गाठीवर आली होती.

"ही कुणी बांधली?"

"म्या."

"कवा?"

"औंदा, आखाजीच्या आधी. नवा दोर घातला तवा."

म्हणजे लकव्यानंतर. म्हणजे डाव्या हातानं. ह्यांच्या डाव्या हाताच्या गाठी मला माहीत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून हे दिवसभर दोराचा तुकडा घेऊन बसायचे आणि खाटेच्या पायाला, खिडकीच्या गजाला, माझ्या शिलाई मशीनला गाठी मारायचे. एक टोक दातात, दुसरं बोटांत. आधी त्या आपोआप सुटायच्या. नंतर सुटायच्या नाहीत, पण मला त्यांच्यावर भरवसा नव्हता तो नव्हताच. होडी काठाला लावली की हे तासभर खटपट करून दोर बांधायचे आणि पुढे चालू लागायचे. मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून मागे जायची, ह्यांची गाठ सोडायची आणि माझी, आबांनी शिकवलेली दाव्याची गाठ मारायची. प्रत्येक वेळी. वर्षभर. होडीवरची एकही गाठ मी ह्यांची ठेवलेली नव्हती, असं मी समजत होते.

मी खणात हात घातला. दोर ओढून निदान खुंट्याला तरी एक वेढा देता येतो का बघावा, म्हणून. बोटभरही हलला नाही. मोबाइलची विजेरी लावून मी त्या गाठीवर डोळे लावून बसले. ती हळूहळू सुटेल आणि मला दिसेल, मग मी काय करणार होते कोण जाणे.

"तिच्याकडं बघू नगंस," हे म्हणाले. "टोकाला दोर घासतोय तिकडं बघ. कापड गुंडाळ."

हे खरं होतं. होडीच्या कडेवर जिथून दोर बाहेर जातो तिथे तो करकरत होता. दोर तुटतो तो तिथेच. मी माझी ओढणी काढली, तिची चौपदरी घडी करून दोराखाली कोंबली, वरून ह्यांचा टॉवेल गुंडाळला. तळव्यांची साल गेली होती, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दातांनी ओढावी लागत होती. हे बघत होते. माझ्या दातात टॉवेलचं टोक होतं तेव्हा त्यांना हसू आलं. म्हणाले, "आता कळलं का कसं बांधतो ते?"

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "ही गाठ सुटली तर?"

"न्हाई सुटायची."

"तुमाला काय म्हाईत?"

लाट आली, टोक वर गेलं, खाली आलं. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीच्या समद्या तू सोडून परत बांधल्यास. ही तुला घावली न्हाई. म्हणून ही तरी हाय तशी राहिली."

माझ्या अंगावर पाऊस पडत होता आणि मला घाम फुटला. वर्षभर ह्यांना माहीत होतं. मी मागे राहायची तेव्हा हे पुढे जाऊन रस्त्यावर थांबायचे, मी येईपर्यंत उभे राहायचे, आणि म्हणायचे, "घावलं का इसरलेलं?" मी म्हणायचे, "घावलं." इतक्या वेळा. लाज वाटली, फार वाटली. चोरी पकडली गेल्याची लाज असते तशी नव्हती. कुणाच्या ताटातलं काढून घेतलं आणि त्यानं ते बघून मान दुसरीकडे वळवली, तशी होती. "चुकलं माझं" असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तेव्हाच दुसरा झोत आला आणि आम्ही दोघांनी कडेला घट्ट धरलं. त्यानंतर ते म्हणायचं राहूनच गेलं.

आम्ही तिथे पावणेदोन तास बसलो. वादळ एकदम गेलं नाही, दम खात खात गेलं. मी बरंच काही बडबडले असेन. भीती वाटली की मी बोलते. हे म्हणतात मी तेवीसपर्यंतचे पाढे म्हटले, मला आठवत नाही. मला आठवतो तो त्यांचा डावा हात, खणाच्या कडेवर ठेवलेला, गाठीच्या बरोबर वर, पण तिला न लावलेला. पाऊस थांबला तेव्हा पहिल्यांदा मला जाणवलं की मी गाठीकडे बघायचं कधीच सोडून दिलंय.

ऊन पडलं तशी एक मासेमाराची होडी आली. माझाच जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. आधी तो आम्हाला शिव्या घालायच्याच बेतात होता, कारण पंख्यात गुंडाळलेलं जाळं त्याचं होतं, मग मला ओळखलं आणि जीभ चावली. "बाई, तुमी व्हय! आमी काठावरून बघत व्हतो, म्हणलं गेलं जहाज." त्यानं पाण्यात उडी मारून जाळं कापून काढलं. मग नांगर उचलायला घेतला. लांबून ओढला तर हलेना. हे म्हणाले, होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर ने आणि सरळ वर ओढ. तसं केल्यावर तो निघाला, मांजराएवढा मातीचा गोळा घेऊन. काळी, चिकट, अगदी तशीच. माती बघून मला भरून वगैरे आलं नाही. होडी बरबटू नये म्हणून मी ती धुऊन टाकली.

जाताना त्याला दोर खणात नीट भरून द्यायचा होता. कडीपाशी हात घालून तो म्हणाला, "बाई, ही गाठ पार आवळून बसलीय. सुटंना. कापू का?"

"कापू नको," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"कुणी बांधली?"

"कप्तानानं. डाव्या हातानं." हे मी जरा मोठ्यानंच सांगितलं. ह्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, ते सुकाणूवरचं पाणी पुसत होते.

काठाला लागलो तेव्हा उजेड उतरायला लागला होता. मी पिशवी, स्टोव्ह, ओले कपडे बाहेर काढले. हे दोर घेऊन काठावरच्या लोखंडी खुंटीपाशी बसले. एक टोक दातात, दुसरं बोटांत. बोटं थंडीनं आखडलेली, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. दोनदा चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. पश्चिमेला अजून वीज चमकत होती आणि रात्री परत वारा सुटणार हे माझ्यासारख्या अडाणी खलाशालाही दिसत होतं. मी पिशवी खांद्याला लावून उभी होते. माझे फोड आलेले तळवे खाजत होते.

शेवटी गाठ बसली. हे उठले, पँटीला हात पुसला आणि वर रस्त्याकडे चालायला लागले. चार पावलांवर थांबले. माझ्याकडे वळले नाहीत, नुसते थांबले. मला मागे जायला वेळ देत होते.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काय इसरलं बिसरलं न्हाई का आज?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "चला."